लेव्हलकाका

लेव्हलकाकांना कोणी नवीन फ्लॅट घेतल्याचं सांगितलं, तर ते अभिनंदन करत नाहीत. "कुठल्या ओढ्यावर?" एवढंच विचारतात. समोरच्याने पुढे केलेला पेढा हवेतच राहतो. काका डोळे मिटतात, मान जराशी तिरकी करतात आणि सांगतात, की तुमच्या बी विंगचा जिना जिथे उतरतो तिथून पूर्वी नाला जायचा, आम्ही त्यात खेकडे धरायचो. मग पेढा खातात आणि पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवून फरशीचा उतार कुठल्या बाजूला आहे तेही सांगून टाकतात. घरमालकाला त्या रात्री झोप येत नाही.

काकांचं सगळं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं. डंपी लेव्हलच्या भिंगातून पट्टीवरचे आकडे वाचायचे, काँटूर काढायचे, कालव्याला उतार द्यायचा. निवृत्तीच्या वेळी खात्याने शाल-श्रीफळ दिलं, जीपची किल्ली परत घेतली, ओळखपत्र परत घेतलं. डोळ्यांतली लेव्हल तेवढी परत घ्यायची राहून गेली. त्यामुळे रस्त्याने चालताना आपल्याला दुकानं दिसतात आणि काकांना भराव दिसतो. जमिनीवर जे जे उभं आहे ते त्यांच्या लेखी अतिक्रमण. मग ते दोन वर्षांचं असो की दोन हजार वर्षांचं. सारसबागेत भेळ खाताना ते अस्वस्थ असतात, कारण आपण तळ्याच्या तळाशी बसलो आहोत याचा विसर त्यांना पडत नाही. पेशव्यांबद्दल त्यांना नितांत आदर आहे. पानिपत झालं ते दैवाने झालं असं ते मोठ्या मनाने मानतात, पण आंबील ओढा वळवला तो काही दैवाने नव्हे, हेही ते सांगतात.

काकू या सगळ्याला सरावलेल्या आहेत. लग्न ठरवताना मुलीची उंची विचारण्याची आपल्याकडे रीत आहेच, काकांनी ती मीटरमध्ये विचारली होती. काकू बरोबर पाच फूट, म्हणजे एक पूर्णांक बावन्न शतांश. तेव्हापासून काका कुठेही गेले तरी मोजपट्टीची सोय होते. त्यांच्या अल्बममध्ये काकू हसताना सापडणार नाहीत. विहिरीच्या कठड्याशी, पुलाच्या पायाशी, सांडव्याच्या भिंतीशी ताठ उभ्या असलेल्या मात्र पानोपानी सापडतील.

मुलीने आईवडिलांना युरोप दाखवायचं ठरवलं, तेव्हा तिच्या मनात स्वित्झर्लंड होतं. काका म्हणाले, "तिथली जमीन जिथल्या तिथे आहे. बघायचं काय?" जमीन जिथल्या तिथे नसलेलं शहर म्हणजे रोम, असा त्यांचा अभ्यास होता. आम्ही सोसायटीतली चार-पाच बिऱ्हाडंही त्याच ग्रुपमधून निघालो. माणसं सहलीला जाताना चिवडा-लाडू घेतात. काकांनी बॅगेत रोमचा नकाशा भरला. रोदोल्फो लांचानी नावाच्या पुरातत्त्वज्ञाने १८९३ ते १९०१ या काळात तो प्रसिद्ध केला. एकास हजार प्रमाण, ४६ ताव. जुन्या भिंती एका रंगात, नंतरची घरं दुसऱ्या. काकांनी नातवाकडून सगळे ताव छापून घेतले आणि सोसायटीच्या हॉलमध्ये मांडले, तर कोपरे भिंतीवर चढले. तेवीस किलोंच्या मर्यादेत ४६ ताव बसवण्यासाठी काकूंच्या भाजण्या आणि लोणच्याची बरणी घरी राहिली. काकू तेव्हा काही बोलल्या नाहीत. त्या योग्य वेळी बोलतात.

शाळेत आपण सात टेकड्यांचं रोम असं घोकलेलं असतं. काकांनी बसमध्येच निकाल दिला, "टेकड्या नव्हेतच. पठार आहे ते." भोवतालच्या ज्वालामुखींनी राख ओकली, ती दाबून तिचा मऊ दगड झाला, त्या पठाराची कड ओढ्यांनी कातरली आणि ओढे टायबर नदीला मिळाले. मध्ये राहिलेल्या सोंडांना लोक टेकड्या म्हणू लागले. क्विरिनाल, व्हिमिनाल, एस्क्विलिन या तर मागच्या पठाराला चिकटलेल्याच आहेत. टूर मॅनेजर हातातल्या कागदावर 'सात टेकड्यांचं शहर' असं वाचायच्या बेतात होता. त्याने ती ओळ गाळली.

कोलोसियमसमोर गाइड बाई रंगात आल्या होत्या. सिंह, तलवारी, सम्राटाचा अंगठा. आमच्या सगळ्यांच्या कानांत त्यांच्या आवाजाची यंत्रं होती. काकांनी आपलं यंत्र काढून खिशात ठेवलं, बाईंच्या जवळ गेले आणि इंग्रजीत विचारलं, "इथलं पाणी कुठे जातं?" बाईंनी हसून स्वच्छतागृहाकडे बोट केलं.

मग पाण्याची गोष्ट काकांनीच आम्हाला मराठीत सांगितली. ही दरी, चहूबाजूंनी पाणी इथे यायचं. इसवी सन ६४ च्या आगीनंतर नीरोने इथे आपल्या महालासाठी तळं केलं. त्याच्यामागून आलेल्या व्हेस्पेशियनने तळं रिकामं करून तिथेच हे बांधायला काढलं, आणि ८० मध्ये त्याच्या मुलाने उद्घाटन केलं. "तळ्यात बांधकाम! पण पाया बघा," काका म्हणाले. जमिनीखाली सुमारे बारा मीटर जाडीचं काँक्रीटचं कडं आहे. ते सांगताना काकांचा आवाज थोडा कापला. ज्याने हे कडं घातलं त्याला त्यांनी मनातल्या मनात पदोन्नती दिली असावी.

तेवढ्यात बाई सांगू लागल्या की कोलोसियमची एका बाजूची बाहेरची भिंत १३४९ च्या भूकंपात पडली. काकांनी ताबडतोब विचारलं, "भूकंप दोन्ही बाजूंना सारखाच झाला ना?"

बाई गप्प झाल्या. आम्हीही. खरोखर, फोटोत कोलोसियम नेहमी एकीकडे उंच आणि दुसरीकडे खुजं दिसतं. ते असं का, हे आमच्यापैकी कोणाच्या मनात कधी आलं नव्हतं. काका उत्तरेकडच्या उंच भिंतीपाशी गेले आणि बुटाने जमीन ठोकली. ही बाजू जुन्या, घट्ट जमिनीवर. मग दक्षिणेकडे चालत गेले, पुन्हा ठोकली. ही ओढ्याच्या गाळावर. मऊ गाळ जास्त हलला, भिंत गेली. भूशास्त्रज्ञांचंही हेच म्हणणं आहे, असं बाईंनी जरा वेळाने कबूल केलं आणि आमच्याकडे बघून काकांचा व्यवसाय विचारला. टूर मॅनेजर म्हणाला, "इंजिनिअर." काकू म्हणाल्या, "नाही हो, संशयी." माझ्या मते दोघांचंही बरोबर होतं.

त्या दिवसापासून बाई दर ठिकाणी वाक्य संपवताना काकांकडे बघू लागल्या. ग्रुपमधल्या दोन-तीन जणांना याचा राग आला. त्यांनी पैसे सिंहांसाठी भरले होते.

फोरममध्ये मात्र काकांनी सगळ्यांना छळलं. प्राचीन रोमचा हा चौक. इथे सीझरला अग्नी दिला, इथे सिसेरो बोलला. काकांना त्यातलं काही नको होतं. त्यांचा एकच प्रश्न, "ही मूळ जमीन की भराव?" उत्तर नेहमी एकच यायचं. भराव. मूळ तळ समुद्रसपाटीपासून जेमतेम सहा-सात मीटरांवर होता आणि टायबरचा पूर दरसाल तिथे येऊन बसायचा. अल्बर्ट अमरमन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने बोअर घेऊन मातीचे नमुने वर काढले आणि १९९० मध्ये मांडलं, की हा चौक आपोआप वाळून तयार झालेला नाही. इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकाच्या सुमारास लोकांनी मुद्दाम माती आणून तो उचलला, नऊ मीटरांच्या आसपास नेला. माती किमान दहा हजार घनमीटर. "हजार हायवा!" काका ओरडले. एक जपानी ग्रुप दचकून बाजूला झाला. "आणि हायवा नव्हत्या. टोपल्या होत्या." रोमच्या राजांची, कॉन्सलांची, सम्राटांची नावं पुस्तकांत आहेत. त्यांना पाय कोरडे ठेवून भाषणं करता यावीत म्हणून टोपल्या उचलणाऱ्यांतलं एकही नाव नाही. काकांनी हे बोलून दाखवलं नाही, पण सीझरच्या जागेवर फुलं ठेवणाऱ्या पर्यटकांकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ती मजूर-हजेरीची वही पाहिलेल्या माणसाची नजर होती.

फोरममधलं पाणी काढणारं गटार म्हणजे क्लोआका मॅक्सिमा. आधी उघडा चर, मग झाकलेला. त्याची परंपरा तार्क्विन राजांपर्यंत मागे नेतात. त्याचं नदीतलं तोंड अजून दिसतं. काकांचा स्वतःचा रोममधला एकमेव फोटो त्या तोंडासमोरचा आहे. पण खरी गंमत फोरममध्येच होती. बॅसिलिका एमिलियासमोर जमिनीत एक गोल संगमरवरी चौथरा आहे, पायाखाली जाईल इतका साधा. तो क्लोआकिनाचा. म्हणजे गटाराची देवी. हे कळताच काकांनी चपला काढल्या, दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटून उभे राहिले. व्हॅटिकनमध्येही त्यांनी हात जोडले होते, पण ते दारात पोहोचेपर्यंतच. इथे मात्र काकू हलवेपर्यंत हलले नाहीत. "इतकी वर्षं खात्यात काढली," ते नंतर म्हणाले, "आमच्यासाठी कोणी देवी नेमली नाही."

त्याच चौकात अँटोनायनस आणि फॉस्टिना यांचं देऊळ आहे, पुढे त्याचं चर्च झालं. चर्चचं हिरवं दार पायऱ्यांच्या कितीतरी वर भिंतीत लटकलेलं आहे. खालून चढायला रस्ता नाही. लोक हसतात, फोटो काढतात. काका हसले नाहीत. "दार बरोबर आहे. जमीन उतरली." मधल्या शतकांत फोरम इतका गाडला गेला होता की इथे गुरं चरायची आणि या जागेला 'काम्पो वाक्चिनो', म्हणजे गाईचं माळरान, असं नाव पडलं होतं. त्या माळरानाच्या पातळीवर दार बसवलं. नंतर लोकांनी माती खणून काढली आणि दार वरच राहिलं. काकांनी काकूंना दाराखाली उभं केलं. त्यांच्या डोक्यावर दार कुठल्या कुठे.

ट्राजनच्या स्तंभापाशी काका खुलले. ११३ सालचा हा खांब चौथऱ्यासकट पस्तीस मीटर. त्याच्या पायाशी लेख कोरलेला आहे. बाकीचे लोक वर गोल गोल फिरणाऱ्या लढायांची चित्रं पाहतात, काका लेखाकडे गेले. आशय असा, की या कामासाठी केवढी उंच टेकडी हटवली ते दाखवण्यासाठी हा खांब. "एमबी!" काका म्हणाले. "मेजरमेंट बुक दगडात कोरणारा पहिला माणूस!" त्यांनी ट्राजनला सलाम केला. मग बाईंनी सांगितलं की शंभरएक वर्षांपूर्वी जाकोमो बोनी यांनी खांबाशेजारी खणलं, तेव्हा खाली आधीच्या वस्तीचे अवशेष निघाले. म्हणजे खांब आहे तिथे एवढी उंच टेकडी असण्याची शक्यता नाही. शेजारच्या क्विरिनालचा उतार कापला असणार. काकांचा हात सलामातून खाली आला. त्यांनी खांबाकडे खालपासून वरपर्यंत नवीन नजरेने पाहिलं.

"खोदाई वाढवून लावली होती तर," ते म्हणाले. "बिल पास कोणी केलं?"

सम्राटाचं बिल सम्राटच पास करणार, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. दिवसभर त्यांच्या चेहऱ्यावर चौकशी समितीचं गांभीर्य होतं. कोलोसियमकडे परत येताना मुसोलिनीने काढलेला रुंद रस्ता लागला. १९३२ मध्ये तो पुरा करण्यासाठी वेलिया नावाची टेकडीच कापून टाकली, खोदताना प्राचीन हत्तीची हाडंही निघाली. काका भर वाहतुकीत थांबले आणि रिकाम्या हवेकडे बोट करून म्हणाले, "ही वेलिया." ज्या सुरात आपण भिंतीवरचा हार घातलेला फोटो दाखवून "हे आमचे आजोबा" म्हणतो, त्याच सुरात. आम्ही सगळ्यांनी नाइलाजाने तिकडे पाहिलं.

मी काकांना खरोखर सुखी एकदाच पाहिलं. ते सान क्लेमेंतेच्या चर्चमध्ये. वर बाराव्या शतकातलं चर्च, पायऱ्या उतरून खाली चौथ्या शतकातलं, आणखी खाली उतरलं की पहिल्या शतकातल्या भिंती, अरुंद गल्ली आणि मिथ्र देवाचं दालन. काकांचा एक गुडघा लोखंडी आहे. तो पायरीपायरीला कुरकुरत होता. एकेका मजल्याला शतकं मागे पडत होती. बाकीचे लोक पहिल्याच मजल्यावर मोझेक पाहत थांबले. सगळ्यात खाली दमट गारवा होता आणि पाण्याचा आवाज येत होता. दिसत काही नाही, नुसता आवाज. जमिनीखाली वाहतं पाणी. काका भिंतीला कान लावून उभे राहिले. हे पाणी साचून इमारतीला धोका होऊ लागला, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथून बोगदा काढून ते क्लोआका मॅक्सिमाला सोडलं, असं माहितीच्या फलकावर होतं. काकांनी फलक वाचला नाही. त्यांनी आवाज ऐकून दिशा सांगितली आणि ती बरोबर निघाली. वर येऊन त्यांनी आपण होऊन काकूंना आइस्क्रीम घेऊन दिलं. पैसे मोजून बघितले नाहीत. काकूंनी ते लक्षात ठेवलं.

मोकळ्या दुपारी बाकीचे चामड्याच्या पर्सच्या मागे गेले. आम्ही तिघं तेस्ताच्चोला. नकाशावर 'मोन्ते' पाहून काकांना वाटलं, शहराच्या मधोमध एक तरी अस्सल डोंगर मिळाला. पस्तीस मीटर उंच, वर गवत. जवळ गेल्यावर गवताखाली खापऱ्या दिसल्या. सगळा डोंगर फुटक्या रांजणांचा. स्पेनहून आणि आफ्रिकेतून तेल भरून आलेले रांजण बंदरात रिकामे करायचे, फोडायचे आणि इथे रचायचे. शेकडो वर्षं हेच चाललं. एका अंदाजाने पाच कोटींहून जास्त रांजण. काका मटकन कठड्यावर बसले. रोममध्ये खाच म्हणावी तर भरलेली, टेकडी म्हणावी तर कापलेली, आणि डोंगर म्हणावा तर कचरा.

"फोडायचे कशाला पण? परत वापरायचे," ते चिडून म्हणाले.

काकूंनी एक खापरी हुंगली. "तेलाची बरणी धुतलीय का कधी? खवट वास जातो का मातीचा?" आणि ती योग्य वेळ आली आहे असं पाहून पुढे म्हणाल्या, "माझी लोणच्याची बरणी काचेची होती. आणता आली असती."

मिनर्व्हावरच्या सांता मारिया चर्चच्या भिंतीवर टायबरच्या पुरांच्या खुणा दगडी पाट्यांवर कोरलेल्या आहेत. तिथेही काकूंना उभं राहावं लागलं. १५९८ ची खूण त्यांच्या डोक्याच्या कितीतरी वर. काकांनी वहीत काहीतरी टिपलं. काकू ताठ उभ्या होत्या, पण त्यांची नजर समोरच्या चौकातल्या हत्तीच्या पुतळ्यावर होती. त्याच्या पाठीवर दगडी सुळका ठेवलेला आहे. त्या दोघांत काहीतरी समजूत झाल्यासारखी वाटली.

त्रेवीच्या कारंज्यावर काका नाणं टाकायला तयार नव्हते. पाठ करून पाण्यात नाणं टाकणं म्हणजे न बघता रीडिंग घेणं. पण हे पाणी कुठून येतं ते त्यांनी विचारलंच. इसवी सनापूर्वी १९ मध्ये अग्रिपाने बांधलेला कालवा, नंतर बऱ्याच दुरुस्त्या होऊनही तोच. लांबी सुमारे वीस किलोमीटर, बहुतेक जमिनीखालून. एकूण उतार चार मीटर. काकांनी डोळे मिटले, ओठ हलले. "पाच हजारात एक," ते पुटपुटले. त्यांच्या कालव्यांचा उतार. डंपी लेव्हल नाही, भिंग नाही, आणि पाच हजारात एक. त्यांनी खिशात हात घालून हाताला आलं ते दोन युरोचं नाणं, वळून न बघता, मागे फेकलं. ते टॅक्सीसाठी ठेवलेलं होतं.

शेवटच्या दिवशी काकांनी पॅलाटाइन टेकडीचा हट्ट धरला. फोरमच्या दिवशी तो जेवणाच्या वेळेमुळे गाळला होता. वर पोहोचलो, तर तिथेही सम्राटांनी टेकडीच्या कडेला कमानींवर कमानी चढवून सपाटी वाढवलेली. काका चिडून पुढे पुढे चालत राहिले आणि नैऋत्येच्या कोपऱ्यात एकदम थांबले. छपराखाली, कठड्यापलीकडे, उघडा खडक होता. त्याच ज्वालामुखीच्या राखेचा पिवळट तपकिरी दगड. वर माती नाही, काँक्रीट नाही, कमान नाही.

काका कठड्यावरून जितकं वाकता येईल तितकं वाकले. "ही बघ. ही कोणी आणून टाकलेली नाही. ही मूळ जमीन."

काकूंनी चष्मा पुसून नीट पाहिलं. "आणि ही भोकं कसली?"

"झोपड्यांच्या खांबांची. १९४८ मध्ये सापडली. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातली. रोम्युलसची झोपडी इथेच होती असं रोमन लोक मानायचे."

"म्हणजे त्याने पण आल्या आल्या खोदाई काढलीच," काकू म्हणाल्या. "मग मूळ कुठली?"

काका भोकांकडे बघत राहिले. खरोखर, प्रत्येक भोकात एका खांबाएवढी मूळ जमीन कमी होती. त्यांनी वही काढली, पेन काढलं, आणि सवयीने म्हणाले, "अगं, जरा त्या मधल्या खांबाच्या रेषेत उभी राहतेस का?"

"मी नाही," काकू कठड्यावर बसत म्हणाल्या. "रोम्युलसला करा उभं. जागा त्याची आहे."